बाळाच्या बाप्तिस्म्यावरून वडिलांशी मतभेद आहे, पण सांगायची भीती वाटते

गोदाकाठ (धागा सुरू करणारी)

सर्वांना सप्रेम सलाम.

माझे माहेर नगर जिल्ह्यातील एका खेड्यातले. पणजोबांनी ख्रिस्ताचा स्वीकार केला तेव्हापासून आमचे घर तेथील मंडळीत आहे. आप्पा मिशनच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले आणि आता मंडळीच्या वडीलजनांपैकी एक आहेत. मी तीन महिन्यांची असताना माझा बाप्तिस्मा झाला, सोळाव्या वर्षी दृढीकरण (मोठे झाल्यावर स्वतः विश्वासाची कबुली देण्याचा विधी) झाले आणि लग्नही त्याच मंदिरात लागले. लग्नानंतर आम्ही पिंपरीला आलो आणि घराजवळच्या एका लहान फेलोशिपमध्ये जाऊ लागलो. तेथे शिशुबाप्तिस्मा देत नाहीत. जो स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करतो त्यालाच पाण्यात बुडवून बाप्तिस्मा देतात. आधी मला हे खटकले होते, पण दोन वर्षे शास्त्र, म्हणजे बायबल, वाचता वाचता माझेही मत तसेच झाले.

आता आमची मुलगी नऊ महिन्यांची आहे. आईने स्वतःच्या लग्नाच्या पांढऱ्या साडीच्या पदराचे झबले शिवून ठेवले आहे, त्याच्या गळ्याला क्रोशाची लेस लावली आहे, आणि आप्पांनी पाळकसाहेबांशी बोलून तारीखही दोनदा ठरवली आहे. दोन्ही वेळा मी ती मोडली. पहिल्यांदा पावसाचे कारण सांगितले. दुसऱ्यांदा, ऑक्टोबरमध्ये, बाळाला ताप आहे असे फोनवर सांगितले. ताप नव्हता. बाळ माझ्या मांडीवर खुळखुळा चोखत बसले होते. पलीकडून आप्पा म्हणाले, "थांब, आत्ताच प्रार्थना करू," आणि त्या नसलेल्या तापासाठी त्यांनी जवळजवळ पाच मिनिटे प्रार्थना केली. शेवटी मी "आमेन" म्हटले. त्या दिवसापासून मला नीट प्रार्थना करता आलेली नाही.

मला आप्पांच्या रागाची भीती वाटत नाही, कारण ते रागावत नाहीत. ते गप्प होतात, चष्मा काढून पुसतात आणि "बरं" म्हणतात. त्या "बरं"ची मला भीती वाटते. आमच्या फेलोशिपचे पास्टर म्हणतात की पत्र लिहून स्पष्ट नकार कळवावा, कारण जो माझ्यापेक्षा बापावर अधिक प्रेम करतो तो मला योग्य नाही असे प्रभूनेच सांगितले आहे. ते वचन मी मानते. तरीही तसे पत्र लिहायला बसले की हात थांबतो, आणि तो केवळ भित्रेपणामुळे थांबतो की आणखी कशामुळे, हे मला कळत नाही. आता नाताळच्या आधीच्या रविवारची तारीख ठरते आहे. "प्रीतीच्या ठायी भीती नसते" हे मी संडे स्कूलमध्ये पाठ केलेले वचन आहे. मग ज्यांच्यावर माझी इतकी प्रीती आहे त्यांच्याच बाबतीत मला इतकी भीती का वाटावी?

बाप्तिस्म्याविषयी कोणाचे मत बरोबर यावर येथे वाद व्हावा अशी माझी इच्छा नाही. परंतु कोणाला ते सांगावेसे वाटले तर मी ऐकेन.


निवृत्त पाळक

ताई, सलाम. आपण तापाची गोष्ट लिहिली याचा अर्थ अर्धी वाट आपण चालून आला आहात.

गलतीकरांस पत्राचा दुसरा अध्याय या प्रश्नासाठी पुन्हा वाचावा. पेत्र अंत्युखियात परराष्ट्रीय, म्हणजे यहूदी नसलेल्या, बांधवांबरोबर एका पंक्तीला जेवत होता. याकोबाकडची काही माणसे आली तेव्हा तो मागे सरला, आणि पौलाने तेथे कारण स्पष्ट लिहिले आहे की त्याला त्या माणसांची भीती वाटत होती. पेत्राचे मत बदललेले नव्हते. कर्नेल्य या परराष्ट्रीयाच्या घरी त्याला कळले होते की देव माणसामाणसांत भेद करत नाही, आणि ते त्याला अजूनही ठाऊक होते. भीतीने फक्त त्याचे वागणे बदलले, आणि ते पाहून बर्णबाही तसाच वागू लागला. पौलाचा आक्षेप मतावर नव्हता, या ढोंगावर होता. तो त्याने पेत्राच्या पाठीमागे बोलून दाखवला नाही, तोंडावर सांगितला. पुढे पेत्राच्या दुसऱ्या पत्रात पौलाचा उल्लेख "प्रिय बंधू" असा येतो. तोंडावर बोललेल्या माणसाला प्रिय बंधू म्हणता येते; आपल्याशी खोटे बोलणाऱ्याला तसे म्हणायची संधीच मिळत नाही, कारण त्याच्या मनात काय आहे ते आपल्याला कळतच नाही.

आता माझ्याविषयी सांगतो. पाळक म्हणून माझी ती दुसरीच नेमणूक होती. मंडळीतला एक तरुण मुंबईला जाऊन बुडवून बाप्तिस्मा घेऊन आला. मी त्याला घरी बोलावले नाही, त्याच्याकडे गेलोही नाही. समितीच्या बैठकीत ठराव करून सभासदांच्या यादीतून त्याचे नाव कमी केले. आपण सत्याचे रक्षण केले असे मला अनेक वर्षे वाटत होते. खरे पाहता तो गेला तर त्याच्या मागे आणखी दहा घरे जातील आणि वरच्या साहेबांना मी काय उत्तर देणार, ही भीती मला होती. म्हणजे भीती खुर्चीवर बसलेल्यालाही असते, आणि तेथे ती ठरावाची भाषा बोलते. आपल्या फेलोशिपच्या पास्टरांनाही पत्र लिहा असे सांगताना काही भीती वाटत असेल का, हे मी ठरवू शकत नाही, पण आपण एकदा विचार करून पाहावा.

आणखी एक माहिती देतो, कारण ती आपल्याला उपयोगी पडेल. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले, आणि नगर भागातील आपल्या बहुतेक जुन्या मंडळ्या त्यात आल्या. या ऐक्याच्या वाटाघाटी १९२९ पासून चालू होत्या. इतका काळ लागण्याची जी कारणे होती त्यांत आपलाच प्रश्न होता, कारण एकत्र येणाऱ्यांत विश्वास कबूल केल्यावरच बाप्तिस्मा देणारे बाप्तिस्तही होते आणि शिशुबाप्तिस्मा देणारेही होते. शेवटी कोणीही आपली खात्री सोडली नाही. शिशुबाप्तिस्मा आणि विश्वास कबूल केल्यावरचा बाप्तिस्मा या दोन्ही पद्धती एकाच मंडळीत मान्य करण्यात आल्या, आणि जे आईबाप बाळाचा बाप्तिस्मा करू इच्छीत नाहीत त्यांच्यासाठी बालसमर्पणाच्या, म्हणजे बाप्तिस्मा न देता बाळ देवाला समर्पित करण्याच्या, उपासनेची सोय ठेवण्यात आली. आपण आप्पांपुढे जे मांडणार आहात ते त्यांच्या मंडळीच्या घराबाहेरचे नाही. मात्र दृढीकरण झालेल्या सभासदाने पुन्हा बाप्तिस्मा घेणे हा वेगळा आणि अधिक अवघड विषय आहे. आपण तसे केले असेल तर तेही लपवू नये.


साधा सभासद

ताईंनी परवानगी दिली आहे म्हणून विरुद्ध मत लिहितो. मी शिशुबाप्तिस्मा मानतो आणि आपली चूक होत आहे असे मला वाटते. फिलिप्पैत लुदियेचा बाप्तिस्मा झाला तो तिच्या घराण्यासह. त्याच गावच्या बंदिशाळेच्या नायकाचा झाला तोही त्याच्या घरच्या सर्व मंडळींसह. आठव्या दिवशी सुंता होणाऱ्या बाळाने अब्राहामाचा करार समजून घेतलेला नसे, तरी करार त्याचाही होता. बाळ काहीच करू शकत नाही आणि तरी देव त्याला आपले म्हणतो, हीच मला सुवार्तेतली सर्वांत मोठी गोष्ट वाटते. माझ्या मुलाचा बाप्तिस्मा झाला तेव्हा तो झोपलेला होता. पाणी पडल्यावर त्याने एक डोळा उघडला आणि पुन्हा झोपला. तो क्षण आठवला की आजही माझा जीव भरून येतो.

आपले वडील बाप्तिस्म्याचा आग्रह धरतात तेव्हा त्यांना रूढी पाळायची आहे असे समजू नका. नात देवाच्या पदरात पडावी असे त्यांना वाटते. त्यांच्याशी बोलताना हे त्यांच्याआधी आपण म्हणून दाखवा.

आणि एक प्रश्न विचारतो, राग मानू नये. आपले मत बदलले ते शास्त्र वाचून, की ज्या लोकांत आपण आता आहात त्यांच्यात आपली जागा राहावी म्हणून?


गोदाकाठ

दादा, राग आला नाही. थोडा आला होता, पण तो रात्रीत गेला. फिलिप्पैतील घराण्यांत तान्ही बाळे होती असे शास्त्र सांगत नाही, आणि नव्हती असेही सांगत नाही. मला वजनदार वाटते ते प्रेषितांच्या कृत्यांतील कूशी षंढाचे, म्हणजे कूश देशाच्या राणीच्या दरबारातल्या अधिकाऱ्याचे, उदाहरण, ज्याने वाटेत पाणी पाहून स्वतः विचारले की मला बाप्तिस्मा घ्यायला काय हरकत आहे. ते विचारणे माझ्या मुलीच्या वाट्याला यावे असे मला वाटते. परंतु आपण शेवटी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मला लगेच देता आले नाही. नवऱ्याशी रात्री उशिरापर्यंत बोलले. मत माझे स्वतःचे आहे, हे आता मी खात्रीने सांगू शकते. मात्र पास्टरांचे म्हणणे ऐकताना मान हलवण्याची जी घाई मी करते ती भीतीची आहे. मी आप्पांना भिते आणि त्यांनाही भिते, आणि दोघांपुढे वेगवेगळे तोंड दाखवते. पेत्राची गोष्ट वाचून मला लाज वाटली.


वऱ्हाडी वाटसरू

मी पहिल्या पिढीचा विश्वासी आहे. माझी गोष्ट उलट्या दिशेची असली तरी भीती तीच आहे.

मी विश्वास ठेवला हे आईला तीन वर्षे सांगितले नव्हते. दिवाळीला घरी गेलो की पाडव्याच्या ओवाळणीच्या वेळी काहीतरी निमित्त काढून बाहेर जात असे. चौथ्या वर्षी ठरवले की आता लपवायचे नाही, आणि मी दुसरी चूक केली. आई ताट घेऊन समोर आली, निरांजनाची वात तिने नुकतीच सारखी केली होती, आणि मी तेथेच उभ्या उभ्या मूर्तिपूजेवर बोलू लागलो. बोललो ते मला त्या वेळी खरे वाटत होते, आजही माझा विश्वास तोच आहे. पण आईचा कुंकवाचे बोट धरलेला हात हवेत तसाच राहिला, आणि मग तिने ते बोट पदराला पुसले. मी भीती जिंकली असे मला वाटले होते. जिंकली नव्हती, भीतीच्या माणसाला जशी घाई असते तशीच मला झाली होती, एकदाचे बोलून सुटायचे होते. आई ते कसे ऐकेल याचा विचार त्यात कोठेच नव्हता.

नंतर दोन वर्षांनी मी तिची क्षमा मागितली, मताबद्दल नव्हे, पद्धतीबद्दल. स्वयंपाकघरात ती भाकरी थापत असताना शेजारी बसून मागितली. तिने विचारले, "मग आता तू माझ्या हातचे खाणार का?" इतकी वर्षे तिला तीच भीती होती, आणि मला ती ठाऊकच नव्हती. देवासमोर ठेवलेला प्रसाद मी घेत नाही, पण फराळ ठेवण्याआधी ती माझा वाटा वेगळा काढते. हे तिने स्वतःच सुरू केले. करिंथकरांस पहिल्या पत्रात पौल मूर्तीच्या नैवेद्याविषयी लिहितो तेव्हा ज्ञान फुगवते आणि प्रीती उन्नती करते असे म्हणतो. तो अध्याय मला मंदिरात समजला नव्हता, त्या काढून ठेवलेल्या वाट्यामुळे समजला.

नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ च्या फेब्रुवारीत झाला आणि लक्ष्मीबाईंचा १९०० मध्ये. मधली पाच वर्षे त्या घराने काय सोसले हे मराठी वाचकाला सांगायला नको. त्या पाच वर्षांकडे पाहून मला इतकेच वाटते की नवऱ्याने ठरवले म्हणून त्या गेल्या नाहीत, स्वतःची वाट चालून गेल्या, आणि म्हणूनच पुढे त्यांची श्रद्धा त्यांची स्वतःची राहिली. ताई, आप्पांनाही आपली वाट चालायला वेळ द्यावा लागेल. एका बैठकीत सगळे होईल असे धरून जाऊ नका.


भीमातीर

आमचे घर केडगावपासून जवळ आहे आणि लहानपणापासून पंडिता रमाबाईंनी स्थापन केलेले मुक्ती मिशन पाहत आलो आहे, म्हणून त्यांचे एक उदाहरण येथे मांडतो. ते या धाग्याला विलक्षण जवळचे आहे, कारण तेथेही वाद एका लहान मुलीच्या धर्मशिक्षणावरून होता.

रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वांटेज येथे झाला, आणि त्यांच्याबरोबर अडीच वर्षांच्या मनोरमेचाही झाला. तेथील मठातील सिस्टर जेराल्डीन त्यांच्या धर्ममाता झाल्या. त्यानंतर दोघींमध्ये जो पत्रव्यवहार झाला त्यात मतभेद पानोपानी आहेत. रमाबाईंना त्रैक्याची (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, ही) शिकवण जशी सांगितली जात होती तशी पटत नव्हती. आपल्याला न पटलेली गोष्ट मनोरमेला पाठ करायला लावू नये, असे त्यांचे म्हणणे होते. गळ्यातील क्रूसावर लॅटिन अक्षरे का असावीत, संस्कृत का नसावीत, असा त्यांचा प्रश्न होता. अंडी घातलेले पदार्थ त्या खात नसत, तर त्यात त्यांचा जातीचा अभिमान दिसतो असे सिस्टरांना वाटे. एका पत्रात तर रमाबाईंनी लिहिले की मोठ्या कष्टाने मी भारतातील पुरोहितवर्गाचे जू मानेवरून उतरवले आहे, आता दुसरे तसलेच जू, पाद्री सांगतात तेवढ्यावरून, मानेवर घ्यायला मी तयार नाही. परक्या देशात, ज्यांच्या आश्रयाने राहायचे त्यांनाच हे लिहायचे! त्यांच्याजवळ तेव्हा ना घर होते ना पैसा.

आणि याच सिस्टरांना त्या पत्रांत आपल्या मराठीतल्या "आजीबाई" या शब्दाने हाक मारतात. मला हा शब्द फार मोलाचा वाटतो. न पटणारे सगळे लिहायचे, आणि ते आजीबाईंना लिहायचे. पुढे रमाबाई अमेरिकेत कामात असताना मनोरमा काही काळ पुन्हा त्याच आजीबाईंच्या देखरेखीखाली राहिली. इतका वाद होऊनही मूल त्यांच्या हाती देताना आईचा हात आखडला नाही. आणि ही पत्रे आज आपल्याला वाचायला मिळतात तीही सिस्टर जेराल्डीन यांनी ती जपून, जुळवून ठेवली म्हणून. आपल्याविरुद्ध लिहिलेली पत्रेही त्यांनी फाडली नाहीत.

ताई, पत्र लिहायचेच झाले तर असे लिहावे. पण आपले गाव बसने चार-पाच तासांवर आहे. आपण जाऊन बोलावे.


वसईची लेक

मी कॅथलिक आहे, त्यामुळे बाप्तिस्म्याच्या वादात पडत नाही. वरची सर्व चर्चा मला आवडली, तरी एक गोष्ट लिहिल्याशिवाय राहवत नाही, कारण हा धागा अशीही कोणी बाई वाचत असेल जिच्या घरी चष्मा पुसणारे आप्पा नाहीत. भावाचा अपराध त्याला एकान्तात जाऊन दाखवावा हे मत्तयाच्या अठराव्या अध्यायातले वचन मारहाण करणाऱ्या नवऱ्याकडे किंवा अंगाशी येणाऱ्या अधिकाऱ्याकडे बाईला एकटी पाठवण्यासाठी वापरलेले मी पाहिले आहे. तेथे भीती ही पाप नाही, ती देवाने दिलेली सावधगिरी आहे, आणि अशा वेळी आधी सुरक्षित जागी जाणे, विश्वासाच्या माणसाला सांगणे आणि गरज पडल्यास पोलिसांकडे जाणे यात प्रीतीविरुद्ध काहीही नाही. गोदाकाठ ताईंची भीती निराळी आहे. त्यांना कोणी इजा करणार नाही, त्यांनी फक्त एका प्रेमळ माणसाचे दुःख पाहायचे आहे.


गोदाकाठ

सर्वांना पुन्हा सलाम. उत्तर द्यायला तीन आठवडे लागले. आम्ही गावी जाऊन आलो.

शनिवारी दुपारी पोचलो. जेवणे झाल्यावर आप्पा ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते; बाळ झोपले होते. नवरा बरोबर बसतो म्हणाला, पण मी एकटीच गेले. निवृत्त पाळकांचे लिहिणे मनात होते, म्हणून आधी तापाचे सांगितले. "आप्पा, ऑक्टोबरमध्ये बाळाला ताप नव्हता. मी खोटे बोलले." त्यांनी चष्मा काढला. पुसला नाही, हातात धरून ठेवला. मग बाकीचे सांगितले, आणि साधा सभासद यांनी म्हटले होते तेही सांगितले, की ती देवाच्या पदरात पडावी हे तुम्हाला वाटते तसेच मलाही वाटते.

पुष्कळ वेळ ते काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "मी त्या दिवशी रात्री उठून पुन्हा प्रार्थना केली होती." मला रडू आले. ते म्हणाले, "बाप्तिस्म्याचे पाहू. पण पोरी, माझ्याशी खोटे बोलावे लागले तुला? मी काय केले असते?" मी खरे ते सांगितले, की तुम्ही "बरं" म्हणाला असता. त्यावर ते बराच वेळ रस्त्याकडे पाहत राहिले.

संध्याकाळी वाद झाला, आणि तो खराखुरा झाला. त्यांनी शास्त्र आणले, मीही आणले. दिवे लागेपर्यंत आम्ही प्रेषितांची कृत्ये उघडून बसलो होतो. आई दोनदा चहा देऊन गेली. लुदियेच्या घराण्यावर ते एक पाऊलही मागे सरले नाहीत, आणि षंढाच्या बाबतीत मीही सरले नाही. इतकी वर्षे मी त्यांच्याशी शास्त्रावर असे कधी बोललेच नव्हते. ते सांगत आणि मी ऐकत असे. माझे एक प्रमाण त्यांनी खोडून काढले, ते मला मान्य करावे लागले. एका ठिकाणी ते म्हणाले, "हे मी पाहिले नव्हते," आणि समासात पेन्सिलीने खूण केली. नागपूरच्या ऐक्याचे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक निघाले. समर्पणाची उपासना आहे हेही त्यांना ठाऊक होते. आपल्या घरात तिची वेळ येईल असे त्यांच्या मनातही आले नव्हते, इतकेच.

त्यांना माझे मत पटलेले नाही. समर्पणाच्या वेळी ते पुढे उभे राहतील की बाकावर बसून राहतील हे त्यांनी अजून ठरवलेले नाही, आणि मी विचारलेही नाही. दुसऱ्या दिवशी उपासनेला जाताना आईने कोणाला न विचारता ते पांढरे झबले बाळाला घातले. मी काही बोलले नाही. ते तिला छान दिसत होते.

निघण्याआधी आप्पांनी घराण्याचे मोठे शास्त्र कपाटातून काढले. त्याच्या पहिल्या पानांवर पणजोबांपासून सर्वांची नावे, जन्माची तारीख आणि बाप्तिस्म्याची तारीख अशा रकान्यांत लिहिलेली आहेत. बाळाचे नाव अजून लिहिलेले नव्हते, बाप्तिस्मा झाल्यावर एकदमच लिहू असे त्यांनी ठरवले होते. त्यांनी नाव लिहिले, जन्मतारीख लिहिली, शाई वाळेपर्यंत पान उघडे धरले आणि तिसरा रकाना कोरा ठेवून शास्त्र मिटले.

आमच्या फेलोशिपच्या पास्टरांना मी अजून काही सांगितलेले नाही. पत्र लिहिले नाही, स्वतः जाऊन आले, आणि मुलीचे समर्पण गावच्या मंडळीतच करायचे आमच्या मनात आहे, हे त्यांना आवडणार नाही. येत्या रविवारी उपासनेनंतर त्यांच्या घरी जायचे ठरवले आहे. या वेळी नवऱ्यालाही बरोबर नेणार आहे. तोपर्यंत प्रार्थनेत आमची आठवण ठेवावी.